कडक देवाची पूजा

गहिनीनाथ लवांडेनं कॉलेज सोडलं त्या दिवशी मी त्याला पेढा भरवला होता. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर, अगदी तोंडात कोंबलाच. त्या पेढ्याची मला अजून लाज वाटते. नाहीतर माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरानं हे लिहायला बसण्याचं काही कारण नव्हतं.

गहिनीनाथ तिसगावचा. घरची शेती कोरडवाहू, भाऊ ती कशीबशी ओढत होता, आणि हा पुण्याला जाऊन भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन आलेला. नगरला आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो आणि माळीवाड्यात एकाच खोलीत राहायचो. तो माणूस फार चांगला शिकवत असे असं मी म्हणणार नाही. फळ्याकडे तोंड करून बोलायचा, आणि मागं वीस पोरं झोपली तरी त्याला पत्ता नसे. पण किरणोत्सर्गाचा विषय निघाला की तो वळायचा. डोळे चमकायचे, हात चालायला लागायचे आणि बोलता बोलता तिसगावची बोली बाहेर यायची.

प्रयोगशाळेच्या कपाटात असे किरण मोजायचं एक यंत्र होतं. सरकारी अनुदानातून आलेलं, किरण आले की टिकटिक करणारं. तीन वर्षं गहिनीनाथ त्या कपाटाची किल्ली मागत होता आणि तीन वर्षं विभागप्रमुख एकच सांगत होते, "बिघडलं तर डेड स्टॉक रजिस्टरला काय लिहू?" शिवाय दर एप्रिलमध्ये त्याला कामावरून कमी करायचे आणि जूनमध्ये परत घ्यायचे. तिसऱ्या जूनला तो गेलाच नाही. पुण्याच्या वज्र टेस्टिंग नावाच्या खाजगी कंपनीनं त्याला घेतलं होतं. "राधाकृष्णा," तो मला म्हणाला, "तिथं कपाट नाही. वस्तू थेट हातात!" आणि मी पेढा भरवला.

ही १९७१ सालची गोष्ट. कंपनीचं काम सांगायला सोपं होतं. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये नळ्यांना वेल्डिंगचे शेकडो जोड असतात. वरून चकचकीत दिसणारा जोड आतून पोकळ असला तर वाफेच्या दाबानं फुटतो आणि माणसं भाजून मरतात. म्हणून जोडाच्या एका बाजूला फिल्म लावायची आणि दुसऱ्या बाजूला इरिडियम नावाच्या धातूचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा थोडा वेळ ठेवायचा. त्याचे किरण लोखंडातून आरपार जातात आणि आतली पोकळी फिल्मवर उमटते. गहिनीनाथची आई, बायडाबाई, गावभर सांगत सुटली होती की माझं पोरगं लोखंडाचा फोटो काढतं. ते अगदी खरं होतं.

तो तुकडा एका स्टीलच्या सळईच्या टोकाला बंद केलेला असे. सळई बोटाएवढी, दिसायला निरुपद्रवी. पण उघड्यावर आली की ती जवळच्या माणसाला जाळते, आणि जाळताना चटका बसत नाही. वास नाही, उजेड नाही, दुखणं नाही. म्हणून ती शिशाच्या जड पेटीत कुलूप लावून ठेवायची, काढताना लांब दांडीनं काढायची आणि लांब पळायचं. हे सगळं शिकायला कंपनीनं गहिनीनाथला पंधरा दिवस मुंबईला पाठवलं होतं. परत आला तेव्हा स्वारी एकदम खुशीत होती.

पहिलं वर्ष इकडंतिकडं गेलं. १९७२ च्या सप्टेंबरात त्याला आपल्याच जिल्ह्यात काम मिळालं, श्रीगोंद्याच्या बाजूला एका साखर कारखान्यावर. कारखान्याचं नाव मी घालत नाही, कारण जे झालं त्यात कारखान्याची चूक नव्हती. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. उभा ऊस वाळत चालला होता आणि तो पुरता वाळायच्या आत गाळप सुरू करायची सगळ्यांना घाई होती. नियमाप्रमाणे अशा कामावर शिकलेली दोन माणसं पाहिजेत. कंपनीनं एकालाच पाठवलं. हाताखाली चार स्थानिक माणसं घेतली, आणि त्यांचा म्होरक्या होता रंगनाथ.

रंगनाथ तिशीचा, फिटरकाम केलेला, हाताचा भलता हुशार. कुठलीही वस्तू एकदा बघितली की खोलून परत जोडून दाखवायचा. गहिनीनाथनं पहिल्या दिवशी या चौघांना खडू घेऊन, लोखंडी पत्र्यावर आकृत्या काढून, तासभर व्याख्यान दिलं. किरण म्हणजे काय, अंतर दुप्पट केलं की मारा चौपटीनं कसा कमी होतो, सगळं. चौघांनी माना डोलवल्या. दुसऱ्या दिवशी सळई बाहेर असताना त्यातला एकजण, बन्सी नावाचा, दोरी ओलांडून आत गेला आणि वाकून बघायला लागला की हे चमकतं का.

गहिनीनाथनं त्याच्या दंडाला धरून त्याला ओढत बाहेर आणलं.  त्या रागात, त्या भीतीत त्याच्या तोंडून निघून गेलं, "आरं, ह्यो देव कडक हाय! ह्याला उघडला की पाठ दावून पळायचं! वळून बघायचं न्हाई!"

नगरी माणसाला हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही. काही देव भोळे असतात, चुकलं-माकलं पोटात घालतात. काही कडक असतात. त्यांचं सोवळंओवळं कडक, नवस कडक आणि कोपही कडक. त्या दिवसापासून चौघं एकदम सुतासारखे सरळ झाले. सळई बाहेर काढायची वेळ आली की पाठ करून तीस पावलं पळायचे. दोरीच्या आत कुणी पाऊल टाकेना. दोरीच्या आत सामान लावायला जायचं असलं, तर सळई पेटीत असतानासुद्धा, बाहेर पायताणं काढून जायला लागले.

गहिनीनाथ रविवारी नगरला आला तेव्हा हे सांगताना पोट धरून हसत होता. "तीन वर्षं कॉलेजात घसा फोडला, कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. इथं एका शब्दात काम झालं!" मीही हसलो. त्याचा पुण्याचा मॅनेजर तर इतका खूश झाला की त्यानं हीच युक्ती बाकीच्या साइटवर वापरायला सांगितली. एवढे शिकलेले आम्ही तिघं, पण एकाच्याही मनात आलं नाही की देव म्हटला की त्याचं बाकीचंही सगळं आलं.

दसऱ्याला दोन दिवस सुटी होती. गहिनीनाथनं पेटीची किल्ली रंगनाथकडे ठेवली. दुसरी कुणाकडे ठेवणार? शिकलेला दुसरा माणूस कंपनीनं दिलाच नव्हता, आणि आग लागली, चोरी झाली तर पेटी हलवायला कुणीतरी हवं होतं. दसरा आमच्या खोलीवर झाला. एकमेकांना सोनं दिलं, श्रीखंड खाल्लं. दुसऱ्या दिवशी मलाही सुटी होती, म्हणून त्याच्याबरोबर श्रीगोंदा गाडीत बसलो. लोखंडाचा फोटो कसा काढतात ते एकदा बघावं म्हटलं.

आम्ही शेडमध्ये पोचलो तेव्हा रंगनाथ दारातच उभा होता. नवा सदरा, कपाळाला कुंकू. त्यानं गहिनीनाथच्या हातावर खोबरं-साखरेचा प्रसाद ठेवला.

"खंडेनवमी रीतीनं केली, सर," तो म्हणाला. "काय बी ऱ्हायलं न्हाई."

खंडेनवमीला आपल्याकडे माणूस ज्याच्यावर जगतो त्या हत्याराची पूजा करतात. पाने, करवती, वजनकाटे, नांगराचा फाळ. शेडच्या कोपऱ्यात पाट मांडलेला होता, त्यावर दांडी, पाने, टेप, सगळं धुऊनपुसून ठेवलेलं, वर झेंडूची फुलं. मला ते फार छान वाटलं. गहिनीनाथ मात्र पाटाकडे बघत नव्हता. तो शिशाच्या पेटीच्या कुलपाकडे बघत होता. कुलपावर हळदीची बोटं उठली होती.

"पेटीची पूजा केली ना?" त्यानं विचारलं. "वरनंच?"

"पेटीची कशी, सर? देव आत अन् पूजा डब्याची?" रंगनाथ हसला. "भाईर काढला हुता. पाटावर बसवला. रोज आमी त्याला पाठच दावतो. म्हटलं, ह्यो एक दिस तोंड दावावं, चुकलं-माकलं पदरात घे म्हनावं. आंघोळी करून, उघड्या अंगानं, समदं सोवळ्यात. निवेद दावला अन् परत आत ठिवला. कुलूप लावलं."

मी आजवर माणसं घाबरलेली बघितली आहेत. गहिनीनाथ त्या वेळी जसा घाबरला तसं कुणाला बघितलं नाही, कारण बाहेरून काहीच दिसलं नाही. त्यानं प्रसाद तोंडात टाकला, चावला, गिळला. माझ्या मनात आलं की तो आता ओरडेल. तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "कशी केली पूजा? मला परत करून दाखवा की. मी नव्हतो ना."

चौघांना कोण आनंद झाला! सायबाला पूजा बघायची आहे! अंगातले सदरे काढून त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. त्या सदऱ्यांच्या खिशांवर एकेक छोटा बिल्ला होता. माणसाच्या अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यातल्या फिल्मवर उमटतं. पूजेच्या दिवशीही ते असेच खिळ्याला होते. म्हणजे कंपनीकडे पुरावा म्हणून जे काही असणार होतं ते चार माणसांचं नव्हतं, भिंतीचं होतं.

गहिनीनाथनं सळईच्या जागी पेन्सिल दिली. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि मला म्हणाला, "टेप घे. कोण कुठं बसलं होतं ते मोज." मी मोजलं. बन्सी पाटापासून चार फूट. बाकीचे दोघं पाच-सहा फूट. रंगनाथ मात्र पाटाला गुडघा लावून बसलेला.

मग रंगनाथनं पेन्सिल राखेनं घासली. उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं, त्यांच्यात फिरवून फिरवून, टोकाला जास्त. "टोकाला लई चिवट वंगन हुतं," तो म्हणाला. मग धुतली, पुसली, हळद लावली, कुंकू लावलं, पाटावर उभी केली आणि पडू नये म्हणून बोटांनी धरून ठेवली. मग चौघं आरत्या म्हणायला लागले. गणपतीची, देवीची, शंकराची. रंगनाथचा आवाज चांगला होता. टाळ्यांचा आवाज त्या पत्र्याच्या शेडमध्ये घुमत होता. गहिनीनाथ सेकंदकाट्याकडे बघत उभा होता, ओठ हलत होते, आणि त्याच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की हाही आरती म्हणतोय. एक संपली की तो वहीत आकडा लिहायचा. मला ती तिसरी आरती ऐकवेना. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

दुपारी आम्ही कँटीनच्या मागं बाभळीखाली बसून हिशेब मांडला. मी तीनदा केला. त्याला वाटत होतं कुठंतरी शून्य जास्त पडलंय. कुठंही पडलं नव्हतं. बाकी तिघं वाचले होते, अंतरानं वाचवलं होतं. रंगनाथची तीन बोटं वाचणं शक्य नव्हतं. पूजेला दोन दिवस झाले होते, आणि तो समोर विहिरीवर घागर उचलत होता, त्याच हातानं, अगदी मजेत.

"दहा-बारा दिवस," गहिनीनाथ म्हणाला. "आधी खाज येईल. मग लाल होईल. मग फोड. मग काळं."

त्यानं कारखान्याच्या ऑफिसातून पुण्याला ट्रंक कॉल लावला. मी शेजारीच होतो. मॅनेजरचा आवाज मलाही ऐकू येत होता. बिल्ले अंगावर नव्हते ना, मग झालं तर. आरत्यांवरून कुणी डोस काढतं का? बॉयलर आठ दिवसांत पेटतोय, तोवर तोंड उघडू नका. कदाचित काही होणारही नाही. झालंच तर इसब म्हणता येईल.

फोन ठेवून गहिनीनाथनं माझ्याकडे बघितलं. "सांगू का त्याला?"

इथं मी काय बोललो ते मला लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "थोडं थांब. आत्ता सांगून त्याला नुसतं घाबरवशील. हाताला तर काहीच झालेलं नाही." आणि संध्याकाळच्या गाडीनं मी नगरला निघून गेलो, कारण सकाळी माझा तास होता.

ते आठ दिवस त्यानं कसे काढले ते त्यानं मला नंतर सांगितलं. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला हा माणूस रोज सकाळी रंगनाथजवळ जाऊन बसायचा आणि म्हणायचा, "जरा तंबाखू मळून दे." रंगनाथ डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायचा, चुना लावायचा आणि उजव्या अंगठ्यानं मळायचा. गहिनीनाथ त्या अंगठ्याकडे बघत राहायचा. तिसऱ्या दिवशी रंगनाथ मळता मळता बोट खाजवायला लागला. पाचव्या दिवशी बोटं गुलाबी दिसायला लागली. सहाव्या दिवशी बोटांवर काळपट डाग होते. घरी राहीबाईनं, रंगनाथच्या बायकोनं, खाज जाईना म्हणून बिब्बा उगाळून लावला होता. गहिनीनाथनं तंबाखू तोंडात टाकली, बाहेर जाऊन ओकला आणि कामाला लागला. आठव्या दिवशी वाजतगाजत बॉयलर पेटला. सगळे जोड पक्के निघाले. रंगनाथनं त्या दिवशी तंबाखूची डबी काढली, पण त्याला ती उघडता येईना.

गहिनीनाथनं कुणालाही न विचारता कारखान्याची जीप काढायला लावली आणि रंगनाथला पुण्याच्या इस्पितळात नेलं.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. मुंबईला ज्यांनी शिकवलं होतं त्यांना त्यानं स्वतःच्या सहीनं सगळं लिहून कळवलं. आरत्यांचे सेकंदसुद्धा. कंपनीनं त्याला काढलं, मग कंपनीलाही काम थांबवावं लागलं. कॉलेज त्याला परत घ्यायला तयार होतं, एप्रिलपर्यंत. तो आला नाही. दुसऱ्या एका खाजगी कंपनीत हेच काम त्यानं शेवटपर्यंत केलं, आणि त्याच्या हाताखालच्या माणसांना तो इतकी सविस्तर, इतकी रटाळ व्याख्यानं द्यायचा की लोक त्याची नक्कल करत. त्यानं लग्न केलं नाही. रंगनाथकडे तो दर महिन्याला जात असे, आणि तिथं त्याला कुणी बस म्हणत नसे.

त्याचं कारण पुण्याच्या इस्पितळात घडलं. काही आठवड्यांनी एका रविवारी मी भेटायला गेलो होतो. दोन बोटं आधीच काढली होती. त्या सकाळी अंगठाही गेला होता. डॉक्टर भला माणूस, पण घाईत होता. खाटेशी उभं राहून म्हणाला, "पहिल्या दिवशी आणलं असतं, हाताला आराम दिला असता, तर अंगठा राखायचा प्रयत्न केला असता. वर हे बिब्बा लावणं! कुणी सांगितलं होतं?" आणि पुढच्या खाटेकडे गेला.

राहीबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. "म्याच लावला," ती म्हणाली. "माज्या हातानं लावला. म्याच हात खाल्ला ह्यांचा." ती भिंतीवर डोकं आपटायला लागली. रंगनाथ डाव्या हातानं तिला ओढत होता. "आगं, तुजं न्हाई. देवाचं हाय ते. पूजेत कायतरी चुकलं असंल माजं."

गहिनीनाथ पायथ्याशी उभा होता. मी त्याच्या बाहीला धरलं. खरं सांगतो, पुन्हा थांबवायलाच धरलं. त्यानं बाही सोडवून घेतली.

"बिब्ब्यानं न्हाई झालं, राहीबाई," तो म्हणाला. "अन् देवानं बी न्हाई. त्यो देव न्हवताच. म्या तसं म्हनलं, ती माजी चूक. त्या सळईनं बोटं जाळली. पूजा परत करून दावली ना तुमी, रंगनाथ, तवाच मला कळलं हुतं."

पहिल्यांदाच तो त्याला 'तुमी' म्हणाला होता.

राहीबाई रडायची थांबली. रंगनाथनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादं यंत्र खोलताना कुठला पेच आधी काढायचा ते शोधताना तो जसा बघायचा, तसा बघत होता.

"हितं आनायच्या आठ दिस आदी?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"म्हंजी रोज सकाळी तंबाखू खायला येत न्हवता तुमी."

"न्हाई."

"हात बघायला येत हुता."

गहिनीनाथनं मान हलवली. रंगनाथनं बँडेजमधला हात हळूच उचलून चादरीखाली घेतला.

"मंग सांगायचं हुतं की, सर," तो म्हणाला.